शुद्ध गेली, परत आली. मग डॉक्टर नेमकं काय शोधतात?

चक्कर येऊन पडलेल्या माणसाला घेऊन घरचे लोक कॅज्युअल्टीत पोहोचतात, तोवर बहुतेक वेळा तो उठून बसलेला असतो. नाडी नीट, बीपी नीट, बोलणं नीट. "आता काही होत नाहीये, घरी जाऊ या," असं तोच म्हणत असतो. मोडलेला हात डॉक्टरांना दिसतो, तापलेलं अंग हाताला लागतं. मूर्च्छा मात्र दवाखान्याच्या दारात येईपर्यंत निघून गेलेली असते. डॉक्टरांपुढे उरतात ते दोन प्रश्न: ती कशामुळे आली, आणि पुन्हा आली तर माणूस आजच्यासारखाच उठून बसेल का?

याचा शोध घ्यायची साधनं साधी आहेत. नीट विचारलेले प्रश्न, झोपवून आणि उभं करून मोजलेलं बीपी, आणि बारा लीडचा, म्हणजे बारा बाजूंनी हृदयाची वीज टिपणारा ईसीजी. युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांची 2018 ची मार्गदर्शक तत्त्वं घ्या किंवा अमेरिकेतली 2017 ची, दोन्हींची सुरुवात या तिघांपासूनच होते. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातही हे तिन्ही होऊ शकतं. घोडं अडतं ते घाईत विचारलेल्या प्रश्नांवर, बसवूनच मोजलेल्या बीपीवर आणि नुसत्या नजरेखालून घातलेल्या ईसीजीवर.

चक्कर म्हणजे कोणती चक्कर?

मराठीत चार-पाच वेगळ्या गोष्टींना आपण चक्कर हा एकच शब्द वापरतो. घर गरगर फिरतं ती चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी येते तीही चक्कर, चालताना तोल जाऊन झोकांड्या जातात तीही चक्कर, आणि दोन दिवस पोटात अन्न नसल्यानं हातपाय गळाले तरी "चक्कर येतेय". गरगरणं हे बहुधा कानाच्या आतल्या, तोल सांभाळणाऱ्या भागाचं दुखणं असतं. अंधारी येणं ही मेंदूला रक्त कमी पडल्याची खूण. दोन्हींच्या वाटा अगदी वेगळ्या. म्हणून अनुभवी डॉक्टर आधी विचारतात, "चक्कर म्हणजे तुम्हाला नेमकं काय होतं?" आणि लगेच दुसरा प्रश्न, "जमिनीवर आदळल्याचं आठवतंय का?"

आदळल्याचं स्पष्ट आठवत असेल तर शुद्ध बहुधा गेली नव्हती. वयस्कर माणसांच्या बाबतीत मात्र या उत्तरावर विसंबता येत नाही. शुद्ध गेली होती हेच त्यांच्या लक्षात राहत नाही, आणि ती मनापासून सांगतात, "पाय घसरला." ओली फरशी नाही, चटई नाही, अडखळायला काही नाही, तरी आजी पडल्या, तर ती मूर्च्छा होती असं धरूनच तपासणी करायची. एरवी खुबा जोडला जातो आणि खुबा ज्या कारणानं मोडला ते तसंच राहतं.

सहा सेकंदांचा हिशेब

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण हृदयातून निघणाऱ्या रक्तातला सुमारे 15 टक्के वाटा त्याला लागतो, आणि त्याच्याकडे साठा असा काही नसतो. रक्त 6 ते 8 सेकंद पोहोचलं नाही की शुद्ध हरपते. माणूस कोसळतो, आडवा होतो, मेंदू हृदयाच्या पातळीला येतो आणि रक्त पुन्हा पोहोचू लागतं. साध्या मूर्च्छेत बहुधा 20 सेकंदांच्या आत शुद्ध येते. पडणं हाच इथे शरीरानं स्वतःवर केलेला उपचार असतो.

मूर्च्छा म्हणायला चार गोष्टी जुळाव्या लागतात: शुद्ध अचानक जाणं, थोडाच वेळ जाणं, आपोआप आणि पुरती परत येणं, आणि या सगळ्यामागे संपूर्ण मेंदूचा रक्तपुरवठा कमी झालेला असणं. यातलं एक जरी बसलं नाही तर दुखणं वेगळं. साखर उतरलेला मधुमेही सहसा असा वीस सेकंदांत आपोआप टुणटुणीत होत नाही. पण तो चक्कर म्हणूनच आणला जातो, म्हणून ग्लुकोमीटरचा थेंब पहिल्या मिनिटात घ्यायचा. साखर 70 च्या खाली आणि माणूस गुंगीत असेल तर 25 टक्के डेक्स्ट्रोज 100 मिलि शिरेतून, म्हणजे 25 ग्रॅम साखर. शुद्धीत असेल तर तोंडानं.

खऱ्या मूर्च्छेच्या वाटा तीन.

पहिली सर्वांत जास्त वापरातली. उभं राहिलं की साधारण अर्धा ते पाऊण लिटर रक्त पाय आणि पोटाकडे उतरतं. मांडवातली गर्मी, शाळेतली लांबलेली प्रार्थना, दर्शनाची रांग, त्यात उपवास आणि कमी पाणी. हृदयाकडे परतणारं रक्त आणखी घटतं. ते भरून काढायला नसा आवळायला हव्यात, पण अचानक उलटंच होतं. नसा सैल पडतात, व्हेगस नावाची चेतातंतूंची जुडी हृदयाला लगाम घालते, ठोके 40 वर येतात. रक्त पाहून, इंजेक्शनच्या सुईनं, जोरदार खोकल्यानं, रात्री उठून उभ्यानं लघवी करताना येते ती मूर्च्छा याच जातीची.

दुसरी वाट उठून उभं राहण्याची. बीपी सावरणारी यंत्रणा कमी पडते. कधी अंगात पाणी किंवा रक्तच कमी असतं, कधी मधुमेहानं किंवा पार्किन्सननं चेतातंतू थकलेले असतात, आणि फार वेळा औषधं नडतात. लघवी वाढवणारी गोळी, प्रोस्टेटसाठीची टॅमसुलोसिन, बीपीसाठीची प्राझोसिन, छातीदुखीवरची नायट्रेट.

तिसरी वाट हृदयाची. एक तर ठोक्यांची लय बिघडते, फार मंद किंवा फार वेगवान होते, नाहीतर वाटेतच अडथळा असतो: अरुंद झालेली महाधमनीची झडप, जाड झालेला हृदयाचा स्नायू, फुफ्फुसात अडकलेली मोठी गुठळी. अमेरिकेतल्या फ्रामिंगहॅम शहरातल्या लोकांवर वर्षानुवर्षं चाललेल्या अभ्यासातून 2002 साली एक गोष्ट पुढे आली. पहिल्या वाटेनं मूर्च्छा आलेल्यांना मृत्यूचा धोका इतरांपेक्षा वाढलेला नव्हता. हृदयामुळे मूर्च्छा आलेल्यांना तो दुप्पट होता. कॅज्युअल्टीतली सगळी धडपड या तिसऱ्या वाटेचे रुग्ण गर्दीतून वेगळे काढण्यासाठी असते.

दवाखान्याबाहेरची पाच मिनिटं

पडलेल्याला आडवंच ठेवा. पाय फूटभर उंच करा, कपडे सैल करा. लोक त्याला उठवून खुर्चीत बसवतात किंवा दोघं बगलेत हात घालून उभं धरतात. त्यानं मेंदू पुन्हा हृदयाच्या वर जातो आणि रक्त पोहोचायचं राहतं. भरलेल्या लोकलच्या डब्यात पडायलाही जागा नसते तेव्हा हेच होतं. माणूस गर्दीत उभाच अडकतो, शुद्ध येत नाही, आणि हातपाय झटकू लागतात. तिथे जागा करून त्याला खाली निजवणं हाच उपचार. पोट पुढे आलेली गरोदर बाई असेल तर डाव्या कुशीवर निजवा, कारण उताण्या स्थितीत गर्भाशय मोठी शीर दाबतं.

पुरती शुद्ध येईपर्यंत तोंडात पाणी घालू नका. ते श्वासनलिकेत जातं. कांदा किंवा चप्पल हुंगवून काही होत नाही. एक चूक मात्र जिवावर बेतू शकते: "हार्टचा असेल" म्हणून जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणं. ही गोळी शिरा सैल करते, रक्त आणखी खाली साठतं आणि आधीच पडलेलं बीपी तळाला जातं. महाधमनीची झडप अरुंद असेल तर ती फारच घातक.

दहा सेकंद छातीकडे बघा. श्वास नसेल किंवा माशासारखा नुसता आ वासून तुटक श्वास घेत असेल, तर ही मूर्च्छा नाही, हृदय थांबलेलं आहे. 108 ला फोन आणि छातीच्या मधोमध दाब, मिनिटाला 100 ते 120, 5 ते 6 सेंटिमीटर खोल.

आणि ज्यानं पडताना पाहिलं, त्याला दवाखान्यात सोबत न्या. डॉक्टरांना रुग्णापेक्षा त्याची गरज जास्त असते.

डोळ्यांनी पाहिलेलं

प्रश्न क्रमानं विचारले जातात. पडण्याआधी काय चाललं होतं? पंधरा मिनिटं उभं होता, उठून दोन पावलं टाकली होती, खुर्चीत बसला होता, की अंथरुणात आडवा होता? आडवं असताना शुद्ध गेली तर गुरुत्वाकर्षणाला दोष देता येत नाही. लय बिघडल्याचा संशय लगेच येतो. धावता धावता, जिना चढता चढता पडला तर तेही वाईट. धावून थांबल्यावर मिनिटाभरानं पडला तर बहुधा पहिली वाट, कारण पिंढऱ्यांचा पंप अचानक बंद झाला. धावताना आणि थांबल्यावर, या दोन शब्दांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. घाईत टिपणाऱ्याच्या कागदावर दोन्हींचं "खेळताना पडला" असं एकच होऊन बसतं.

मग, आधी काही कळलं का? जांभया, मळमळ, घाम फुटणं, कानात दडे बसल्यासारखं होणं, कडेकडून काळोख आत येत जाणं, ही पहिल्या वाटेची लक्षणं आणि बहुधा मिनिटभर आधी सुरू होतात. माणूस स्वतःच भिंतीला टेकतो. याउलट बोलता बोलता वाक्य अर्धवट तुटलं आणि ओंडक्यासारखा पडला, हात पुढे करायलाही वेळ मिळाला नाही, तोंडावर जखम, तर लय बिघडण्याकडे बोट जातं. धडधड झाली आणि पाठोपाठ अंधार, छातीत दुखलं, दम लागला, पोटात किंवा डोक्यात अचानक तीव्र कळ आली. या प्रत्येक उत्तरानं रुग्ण धोक्याच्या बाजूला सरकतो.

घरचा इतिहास विचारतात तेव्हा "हार्टचा त्रास आहे का कुणाला" एवढंच विचारून भागत नाही. "चाळिशीच्या आत कुणी अचानक गेलं का? झोपेत? पोहताना?" असं विचारलं की आठवतं, काका बत्तिसाव्या वर्षी विहिरीत बुडाले होते, चांगले पोहणारे होते. क्यूटी (ठोका सुरू झाल्यापासून हृदय विजेच्या दृष्टीनं पुन्हा सावरेपर्यंतचा, ईसीजीवर मोजला जाणारा वेळ) लांबणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या एका प्रकारात पोहताना लय बिघडते. एका प्रश्नानं सगळं घर तपासणीखाली येतं.

फिट की मूर्च्छा, हा घोळ सर्वांत मोठा. मूर्च्छेतही हातपाय झटकतात. मेंदूला रक्त कमी पडल्यावर होणारे हे झटके बेताल असतात, पडल्यानंतर सुरू होतात आणि बहुधा दहा झटक्यांच्या आत थांबतात. खऱ्या आकडीत ते तालात, वीसपेक्षा जास्त, मिनिटभर चालतात. जीभ कडेला चावलेली असेल तर आकडी. टोकाला लागली असेल तर पडताना लागलेली. कपड्यात लघवी दोन्हींत होऊ शकते, तिच्यावरून काही ठरत नाही. सर्वांत उपयोगाची खूण नंतरची: मूर्च्छेतून उठलेला अर्ध्या मिनिटात माणसं ओळखतो, आकडीनंतरचा बराच वेळ गोंधळलेला, झोपाळलेला असतो. हृदयाच्या थांब्यामुळे झटके देणाऱ्या माणसाला वर्षानुवर्षं फिटच्या गोळ्या चालू राहतात आणि पेसमेकर लागायचा तो लागत नाही. हे टाळता येण्यासारखं आहे.

डोळ्यांबद्दलही विचारतात. मूर्च्छेत आणि आकडीत डोळे सहसा उघडे राहतात. पाच-दहा मिनिटं डोळे घट्ट मिटून पडून राहिलेली व्यक्ती बहुधा मनाच्या ताणातून तशी झालेली असते. ते नाटक नसतं आणि तिला तसं बोलूही नये.

बीपी: झोपवून, मग उभं करून

पाच मिनिटं आडवं ठेवून बीपी आणि नाडी. मग उभं करून एका मिनिटानं, आणि पुन्हा तिसऱ्या मिनिटाला. हात हृदयाच्या पातळीला आधारावर. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 नं पडला, किंवा वरचा 90 च्या खाली आला, तर दुसरी वाट सापडली.

नाडीनं आणखी एक गोष्ट कळते. बीपी 20 नं उतरलं तर ठोके निदान 10 नं वाढायला हवेत. बीपी पडतं आणि ठोके जागचे हलत नाहीत, तर चेतातंतू थकलेत (अर्थात, मेटोप्रोलॉलसारखी ठोके रोखणारी गोळी चालू नसेल तर). ठोके 30-40 नं उसळले तर अंगात पाणी किंवा रक्त कमी आहे. कुठे गेलं ते शोधायचं.

चुका इथे ठरलेल्या होतात. उभं करण्याऐवजी नुसतं बसवतात. किंवा आधी लिटरभर सलाईन जातं आणि मग मोजतात. तेव्हा आकडे सुंदर येतात. काही तरुणांत बीपी उभं राहिल्यावर पहिल्या 15 सेकंदांतच खोल जातं आणि लगेच सावरतं. फुगवायच्या पट्ट्याला ते सापडत नाही. तिथे "उठल्या उठल्या अंधारी येते" या रुग्णाच्या बोलण्यालाच पुरावा मानायचं.

रक्त कुठे जातं याबद्दल दोन गोष्टी कधीच विसरायच्या नसतात. गुडघेदुखीसाठी महिनोन्महिने डायक्लोफिनॅक घेणाऱ्या माणसाच्या जठरात व्रण होऊन आत रक्तस्राव होतो. संडास डांबरासारखी काळी, चिकट होते. रुग्ण आपणहून हे सांगत नाही, विचारावं लागतं, बोटानं तपासावं लागतं. लोहाच्या गोळ्यांनीही काळी होते, पण ती चिकट आणि दुर्गंधीयुक्त नसते. दुसरी गोष्ट, मूल होण्याच्या वयातली बाई मूर्च्छा येऊन आली की लघवीवरची गरोदरपणाची तपासणी करायचीच, "शक्यताच नाही" असं उत्तर आलं तरी. गर्भ नळीत राहून नळी फुटली तर पोटात रक्त साठतं, कधी दुखणं खांद्याच्या टोकाला जाणवतं. धडधाकट तरुण शरीर बीपी बराच वेळ टिकवून धरतं आणि मग एकदम सोडून देतं.

ईसीजीचा कागद

छातीत दुखणाऱ्यासाठी पहिल्या दहा मिनिटांत ईसीजी निघतो, तसाच इथेही काढावा. कागद सेकंदाला 25 मिलिमीटर सरकतो, म्हणजे एक मोठा चौकोन 0.2 सेकंदांचा. जागेपणी दोन ठोक्यांत 15 मोठ्या चौकोनांची, म्हणजे 3 सेकंदांची मोकळी जागा दिसली तर ती धोक्याची.

मग लहर न लहर पाहायची. प्रत्येक पी लहरीमागे (ही वरच्या कप्प्यांची छोटी लहर) ठोका आहे का? मधूनच एखादी पी लहर ठोक्याशिवाय जात असेल आणि बाकीच्यांचं अंतर ठाम असेल, तर वहनमार्ग, म्हणजे हृदयात वीज खाली नेणारी वाट, खालच्या भागात तुटत चाललाय. पी आणि ठोके आपापल्या वेगानं चालले असतील, तर मार्ग पुरता तुटलाय. ठोके 30-40 वर आणि माणूस अधूनमधून कोसळणारा. पीआर अंतर (पी लहरीपासून ठोक्यापर्यंतचा वेळ) 0.12 सेकंदांहून आखूड आणि ठोक्याची सुरुवात सावकाश चढणारी, तिरपी असेल तर वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये विजेची जन्मजात जादा वाट आहे. पहिल्या दोन छातीच्या लीडमध्ये एसटीचा, म्हणजे ठोक्याच्या लगेच नंतरचा भाग उंच सुरू होऊन उतरत खाली जातो, तो ब्रुगाडाचा आकार; यात झोपेत मृत्यू येऊ शकतो आणि तापानं तो जास्त उठून दिसतो.

क्यूटीसाठी एक झटपट कसोटी आहे. ठोके 60 ते 100 च्या दरम्यान असताना क्यूटीची लांबी दोन ठोक्यांमधल्या अंतराच्या निम्म्याहून जास्त दिसली की पट्टी काढून मोजा. वेगाचा हिशेब धरून 500 मिलिसेकंदांच्या वर गेलं तर धोका ठळक. कारणं बहुधा गोळ्यांच्या पाकिटात सापडतात: अ‍ॅझिथ्रोमायसिन, ओंडान्सेट्रॉन, डोमपेरिडोन, फ्लुकोनाझोल, हॅलोपेरिडॉल. एकेकटी पचून जातात. उलट्या-जुलाबांनी पोटॅशियम उतरलेल्या माणसाला यातल्या दोन एकत्र दिल्या की लय बिघडते. म्हणून नातेवाइकांनी गोळ्यांची नावं सांगत बसण्यापेक्षा पिशवीच आणावी.

एक ईसीजी चांगला आला म्हणजे हृदय सुटलं असं होत नाही. तो दहा सेकंदांचा असतो, मूर्च्छा त्याआधी तासभर येऊन गेलेली असते.

डोळ्यांदेखत कोसळला तर

ठोके मंद आणि बीपी खाली असेल तर अ‍ॅट्रोपिन 1 मिलिग्रॅम शिरेतून, दर 3 ते 5 मिनिटांनी, एकूण 3 मिलिग्रॅमपर्यंत. वहनमार्ग खालच्या भागात तुटला असेल, ठोके कागदावर रुंद दिसत असतील, तर अ‍ॅट्रोपिनची वाट बघत बसू नये. छातीला पॅड लावून बाहेरून पेसिंग, म्हणजे विजेच्या ठोक्यांनी हृदय चालवणं, सुरू करायचं, करंट हळूहळू वाढवायचा, कागदावर विजेच्या प्रत्येक उभ्या काडीमागे रुंद ठोका उमटेपर्यंत. इथे एक फसगत होते: करंटनं छातीचे आणि मानेचे स्नायू उडतात आणि मानेत नाडी लागल्यासारखं वाटतं. नाडी जांघेत बघावी. पेसिंग दुखतं, गुंगीचं औषध द्यावं. पेसिंगची सोय नसेल तर अ‍ॅड्रिनलिन मिनिटाला 2 ते 10 मायक्रोग्रॅम चालू ठेवून मोठ्या रुग्णालयात हलवायचं.

मूत्रपिंडाचा रुग्ण, त्यात टेल्मिसार्टन आणि स्पायरोनोलॅक्टोन या पोटॅशियम वाढवू शकणाऱ्या गोळ्या चालू, ठोके मंद आणि रुंद, टी लहरी (ठोक्यानंतरच्या लहरी) टोकदार, तर पोटॅशियम वाढलंय. रिपोर्ट येईपर्यंत थांबायचं नसतं. 10 टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट 10 मिलि, सावकाश, मॉनिटरवर नजर ठेवून. ग्रामीण भागात मंद ठोक्यांमागे पिवळ्या कण्हेरीच्या बिया, म्हणजे बिट्टी, किंवा कीटकनाशकही असू शकतं, हे डोक्यात ठेवावं.

क्यूटी लांबून पीळ पडल्यासारखी वेगवान लय आली तर मॅग्नेशियम सल्फेट 2 ग्रॅम. नाडी नसेल तर आधी विजेचा झटका. जादा वाटेच्या रुग्णात ठोके बेताल आणि अतिवेगवान झाले, तर व्हेरापॅमिल, डिगॉक्सिन, अ‍ॅडेनोसिन वर्ज्य. ही औषधं नेहमीची वाट अडवतात आणि सगळी वाहतूक जादा वाटेनं खाली कोसळते.

साध्या मूर्च्छेला मात्र आडवं राहणं, गारवा आणि तोंडानं पाणी एवढं पुरतं. "निदान एक सलाईन तरी लावा," असा आग्रह होतो. जुलाबांनी किंवा उन्हानं कोरड पडलेल्याला सलाईन हवंच. पण पंप मंदावलेल्या हृदयाला तेच पाणी फुफ्फुसात साठवून बसतं.

ज्या तपासण्या सहसा नकोत

डोक्याला मार नाही, हातपाय-बोलणं नीट आहे, तर साध्या मूर्च्छेत डोक्याचा सीटी स्कॅन करून काही हाती लागत नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं 2012 मध्ये टाळायच्या तपासण्यांची यादी केली, तीत हा होता. मानेच्या रक्तवाहिन्यांचा डॉप्लरही तसाच. एका बाजूची रक्तवाहिनी तुंबली तर त्या वाट्याचा मेंदू बिघडतो, लकवा येतो, वाचा जाते. शुद्ध जायला दोन्ही अर्धे किंवा मेंदूचा देठ बंद पडावा लागतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेला माणूस डोक्यावर पडला असेल तर सीटी हवाच, तो मार शोधायला.

मानेचा एक्स-रे काढून "मणक्यात गॅप आहे, त्यामुळे चक्कर" असं सांगणं फार चालतं. पन्नाशीनंतर बहुतेकांच्या मानेच्या एक्स-रेत झीज दिसतेच. मूर्च्छेचं खापर तिच्यावर फोडलं की खरं कारण शोधायचं राहून जातं.

कुणाला ठेवायचं, कुणाला सोडायचं

यासाठी कॅनडातल्या डॉक्टरांनी 2016 साली गुणांची पद्धत काढली. मूर्च्छा नेहमीच्या कारणांनी येण्याची सवय असेल तर 1 वजा. हृदयविकाराचा इतिहास असेल तर 1 अधिक. वरचं बीपी कधीही 90 च्या खाली किंवा 180 च्या वर गेलं तर 2. रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याची खूण) वाढलेलं असेल तर 2. ईसीजीतला अक्ष (हृदयातल्या विजेची दिशा) सरकलेला असेल तर 1, ठोक्याची रुंदी 130 मिलिसेकंदांहून जास्त असेल तर 1, क्यूटी 480 च्या वर असेल तर 2. शेवटी डॉक्टरांचं स्वतःचं मत: साधी मूर्च्छा वाटली तर 2 वजा, हृदयाची वाटली तर 2 अधिक. बेरीज वजा 3 आली तर महिनाभरात काही गंभीर होण्याची शक्यता 0.4 टक्के, आणि 11 आली तर 83.6 टक्के. यात वजाचे सर्वाधिक गुण डॉक्टरांच्या मतालाच आहेत, म्हणजे प्रश्न नीट विचारले नसतील तर ही बेरीजही वाकडी येणार.

धोक्याची खूण असलेल्याला मॉनिटरवर निदान 6 तास, गरजेप्रमाणे 24 तास ठेवतात. खूण एकही नसलेल्या, साधी मूर्च्छा आलेल्या माणसाला एक रात्र ठेवून फायदा होत नाही; त्याला समजावून घरी पाठवावं. समजावणं हा इथला खरा उपचार. अंधारी जाणवली की आधी खाली बसा, जमलं तर आडवं व्हा. जागा नसेल तर पायाला पायाची अढी घालून मांड्या आणि नितंब घट्ट आवळा, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून बाहेर ओढा. स्नायू आवळले की शिरांतलं रक्त वर ढकललं जातं आणि बीपी चढतं. रांगेत उभं राहण्याआधी अर्धा लिटर पाणी प्या, दिवसभरात दोन-तीन लिटर. मीठ वाढवायचं ते बीपी, हृदय, मूत्रपिंड यांचा त्रास नसेल तरच. रात्री पुरुषांनी लघवीला बसावं. कारण सापडेपर्यंत गाडी चालवणं, विहिरीत उतरणं, झाडावर किंवा उंचावर चढणं बंद.

कारण न सापडता जे पुन्हा पुन्हा पडतात, त्यांच्यासाठी नोंद घेणारं यंत्र निवडताना मूर्च्छा किती दिवसांनी येते ते पाहावं लागतं. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा पडणाऱ्याला 24 तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर लावून सतत ईसीजी नोंदवणारं यंत्र, लावला तर तो दिवस बहुधा कोराच जातो आणि "होल्टर नॉर्मल" असा कागद फायलीत लागतो. अशांना छातीच्या कातडीखाली बसवायचा लूप रेकॉर्डर उपयोगी पडतो. त्याची बॅटरी साधारण तीन वर्षं चालते. तो बसवलेल्या माणसाच्या घरच्यांनी पडल्याची तारीख आणि घड्याळातली वेळ मिनिटासकट लिहून ठेवायची असते. यंत्रातली नेमकी तीच मिनिटं काढून पाहिली जातात.